गिऱ्हाइकाचे माप घेतो, कारागिराचे कोण घेणार?

आपल्या कापडाच्या धंद्यात मापाशिवाय एक दिवस जात नाही. गिऱ्हाइकाची छाती, कंबर, बाहीची लांबी आपण अर्ध्या इंचापर्यंत मोजतो आणि चुकले तर कपडा परत येतो. पण ज्या टेबलावर तो कपडा कापला जातो त्याची उंची किती असावी, शिलाई मशीनपुढचे स्टूल किती उंच असावे, याचे माप आपल्यापैकी किती जणांनी घेतले असेल? सुतार जे करून देईल ते, किंवा बंद पडलेल्या कारखान्यातून जे स्वस्तात मिळेल ते, अशी आपली रीत आहे. टेबल कारागिराच्या मापाचे होत नाही, म्हणून कारागीरच वाकून टेबलाच्या मापाचा होतो.

यात माझाही कसूर आहे, तो आधी कबूल करतो. काही वर्षांपूर्वी गणवेशाच्या शिलाईसाठी मी दोन जुनी कटिंग टेबले घेतली. उंची तीस इंच. आमचे कटिंग मास्तर चांगले पाच फूट दहा इंच. महिनाभरात ते म्हणाले, "सेठ, टेबल अर्धी वीत वर घ्या, कमर साथ देत नाही." मी म्हणालो, "जूनचा सीझन जाऊ द्या मास्तर, मग बघू." सीझन गेला आणि ऑगस्टमध्ये मास्तरही गेले. दुसऱ्या मालकाकडे गेले असते तर एवढे वाईट वाटले नसते. ते कमरेला पट्टा बांधून घरी बसले. नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात किती कापड वाया घालवले त्याचा हिशेब माझ्या वहीत आहे. टेबलाच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे द्यायला एक दुपार लागली असती.

हीच चूक मोठ्या कारखान्यांत हजार पटीने महाग पडते. म्हणून त्यांनी एक उपाय काढला. टेबल, यंत्र किंवा गाडी तयार होण्याआधीच ती संगणकात उभी करायची आणि तिच्यापुढे संगणकातच एक माणूस उभा करायचा. त्याला वाकवायचे, उचलायला लावायचे, हात लांब करायला लावायचे. कमर दुखायची ती त्याची दुखू द्यायची, जिवंत माणसाची नको. इंग्रजीत याला 'डिजिटल ह्यूमन मॉडेल' म्हणतात. आपण 'संगणकातला माणूस' म्हणू. माणसाच्या शरीराला काम जुळवून घेण्याचे जे शास्त्र आहे, एर्गोनॉमिक्स, त्याचे हे एक हत्यार आहे. ते काय आहे आणि आपल्यासारख्या लहान मालकाला त्यातून काय घेता येईल, ते पाहू.

पुठ्ठ्यापासून संगणकापर्यंत

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. हेन्री ड्रेफस नावाच्या अमेरिकन डिझाइनरने १९५५ साली आपल्या पुस्तकात 'जो' आणि 'जोसेफिन' असे एक पुरुष आणि एक स्त्री रेखाटून मापांसह छापले. ट्रॅक्टर असो वा टेलिफोन, वस्तू या दोघांना बसली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. नकाशावर ठेवून पाहता येतील असे सांध्यांत हलणारे पुठ्ठ्याचे पुतळेही नकाशे काढणारे वापरत.

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या बोइंग कंपनीत विल्यम फेटर यांनी वैमानिकाची आकृती संगणकाकडून रेषांनी काढून घेतली. वैमानिक आपल्या जागेवर बसून कुठपर्यंत पोहोचतो हे त्यातून पाहायचे होते. त्याच दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठात 'सॅमी' नावाचा संगणकातला माणूस तयार होऊ लागला. १९८० च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक नॉर्मन बॅडलर यांच्या देखरेखीखाली 'जॅक' जन्मला. तो पुढे सीमेन्स कंपनीच्या कारखानेविषयक सॉफ्टवेअरमध्ये गेला. जर्मनीच्या मोटार कंपन्यांनी म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाला बरोबर घेऊन 'रामसिस' करवून घेतला. गाडीत माणूस कसा बसेल, त्याला रस्ता कुठपर्यंत दिसेल, हे तो सांगतो.

फोर्ड कंपनीने २०१५ साली जाहीर केले की नवी गाडी बाजारात आणण्यापूर्वी जुळणीची सरासरी ९०० हून अधिक कामे ती संगणकात तपासून पाहते. २००३ पासून आपल्या अमेरिकेतील कारखान्यांत दुखापतींचे प्रमाण ७० टक्क्यांनी उतरले, असेही तिने सांगितले. हा कंपनीने स्वतः दिलेला आकडा आहे आणि त्यात इतर उपायांचाही वाटा आहे. तरी एवढा खर्च कोणी केवळ हौसेने करीत नाही, हे व्यापारी माणसाला वेगळे सांगायला नको.

हा माणूस काम कसे करतो?

आत हाडांचा सांगाडा असतो. प्रत्येक हाडाची लांबी ठरलेली आणि प्रत्येक सांधा किती वळेल याची हद्द ठरलेली. कोपर मागे वळत नाही, मान पूर्ण फिरत नाही, हे संगणकाला आधीच सांगून ठेवलेले असते. वरून कातडीचा आकार चढवतात. मग आपण फक्त सांगायचे, 'उजवा हात त्या खुंटीवर ठेव.' त्यासाठी खांदा किती उचलावा लागेल, कोपर किती उघडेल, कमर किती झुकेल, हे संगणक गणिताने काढतो.

त्यातून चार गोष्टींची उत्तरे मिळतात. हात पोहोचतो का? अंगाला जागा पुरते का? काम डोळ्यांना दिसते का? आणि सांध्यांवर, विशेषतः कमरेवर, भार किती येतो?

यातला पहिला आणि दुसरा प्रश्न आपल्या रोजच्या अनुभवाचा आहे. शंभर कारागीर उंचीप्रमाणे ओळीत उभे केले असे समजा. वरच्या खुंटीपर्यंत हात पोहोचायचा असेल तर ओळीतल्या पाचव्या, म्हणजे बुटक्या माणसाचे माप धरायचे. त्याला जमले तर बहुतेकांना जमेल. गुडघ्याला टेबलाखाली जागा हवी असेल तर पंचाण्णवाव्या, म्हणजे उंच माणसाचे माप धरायचे. पोहोच लहानाच्या मापाने आणि जागा मोठ्याच्या मापाने, एवढा एक नियम लक्षात राहिला तरी अर्धे शास्त्र हाती आले.

कमरेचा हिशेब

चौथा प्रश्न भाराचा. संगणक जो हिशेब करतो तो ढोबळ मानाने आपल्यालाही कागदावर करता येतो, कारण तो तराजूचाच हिशेब आहे. कमरेतला मणका म्हणजे तराजूचा काटा. पुढच्या बाजूला हातातले वजन आणि मागच्या बाजूला पाठीचे स्नायू. पण हा तराजू समान दांडीचा नाही. स्नायूंची दांडी मणक्यापासून अवघी ५ सेंटिमीटरच्या आसपास असते.

आता ६० किलो वजनाचा कारागीर जमिनीवरून २० किलोचा कापडाचा गठ्ठा वाकून उचलतो आहे असे धरा. गठ्ठा मणक्यापासून ५० सेंटिमीटर पुढे आहे. २० गुणिले ५० म्हणजे १०००. त्याला ५ ने भागले की २०० किलो. एवढा जोर स्नायूंनी फक्त गठ्ठ्यासाठी लावायचा. शिवाय कमरेवरचे शरीर, सुमारे ३० किलो, तेही साधारण २५ सेंटिमीटर पुढे झुकलेले. ३० गुणिले २५ भागिले ५, म्हणजे आणखी १५० किलो. एकूण ३५० किलो. हा सगळा ताण मणक्याच्या गादीवर दाब होऊन बसतो.

अमेरिकेच्या 'नायोश' या सरकारी संस्थेने १९८१ साली कमरेच्या गादीवरच्या दाबाची ३४०० न्यूटन ही मर्यादा सुचवली. आपल्या भाषेत सुमारे ३४७ किलोचा भार. म्हणजे अवघ्या २० किलोच्या गठ्ठ्याने आपला कारागीर त्या मर्यादेला टेकला!

आता तोच गठ्ठा कमरेएवढ्या उंच ओट्यावर ठेवा. माणूस ताठ उभा राहून तो अंगाजवळ, २५ सेंटिमीटरवर धरतो. २० गुणिले २५ भागिले ५ म्हणजे १०० किलो. वरून गठ्ठ्याचे आणि अंगाचे सरळ वजन ५० किलो. एकूण १५०. गठ्ठा तोच आणि माणूसही तोच. केवळ जागा बदलली आणि भार निम्म्याहून खाली आला.

याच संस्थेने १९९१ साली दोन्ही हातांनी वजन उचलण्याचे एक सुधारित सूत्र दिले. ते आपल्या वटावासारखे आहे. सगळे काही अनुकूल असेल तर २३ किलो, ही मूळ रक्कम. मग वटाव सुरू. हात घोट्यांच्या रेषेपासून २५ सेंटिमीटरवर असतील तर कपात नाही. ५० सेंटिमीटरवर गेले की निम्मी कपात, राहिले साडेअकरा किलो. जमिनीवरून उचलायचे असेल तर आणखी कपात, अंग वळवून ठेवायचे असेल तर आणखी, दिवसभर पुन्हा पुन्हा उचलायचे असेल तर आणखी आणि धरायला नीट पकड नसेल तर आणखी. गोदामातल्या कामगारासाठी हे हिशेब करून पाहिले तर रक्कम बघता बघता सहा-सात किलोवर येते. डोक्यावरून किंवा खांद्यावरून वाहण्याला हे सूत्र लागू नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

शिलाईच्या धंद्यातून निघालेली मोजपट्टी

संगणकातल्या माणसाला गुण द्यायला अनेक सॉफ्टवेअरमध्ये 'रूला' नावाची एक मोजपट्टी वापरतात. ती १९९३ साली नॉटिंगहॅमच्या मॅकअटॅमनी आणि कॉर्लेट या दोघा संशोधकांनी प्रसिद्ध केली. आपल्या वाचकांना ऐकून आनंद होईल की ती तयार करताना त्यांनी ज्यांचे काम पाहिले त्यांत कपडे शिवणारे कामगार होते. उभ्याने कापड कापणारे, मशीनवर बसणारे, धागे कापणारे, माल तपासणारे आणि पॅकिंग करणारे. म्हणजे ही गोष्ट विमानाच्या कारखान्यापुरती नाही, आपल्या धंद्यातूनच गेलेली आहे.

रूलात १ ते ७ असे गुण असतात. १-२ आले तर ठीक. ३-४ आले तर अधिक तपास करा. ५-६ आले तर लवकर बदला. ७ आले तर ताबडतोब बदला. मान २० अंशांहून जास्त झुकली, पाठ २० अंशांच्या पुढे वाकली, दंड अंगापासून लांब गेला, मनगट मुडपले, की गुण चढत जातात. यासाठी संगणकच हवा असे नाही. कागदाचा एक तक्ता आणि बाजूने काढलेला एक फोटो यांवरही काम भागते.

ते शरीर कोणाचे?

इथे खरी मेख आहे. संगणकातला माणूस कितीही हुशार असला तरी त्याची हाडे कोणाच्या तरी मापावरून घेतलेली असतात. अमेरिकेच्या सॉफ्टवेअरमध्ये फार वेळा तिथल्या सैनिकांची मापे असतात. १९८८ साली त्यांच्या लष्कराने जी मोजणी केली तिचा वापर जगभर झाला. तो तरणाबांड सैनिक आणि पंचेचाळीस वर्षांचा आपला कारागीर यांचे अंग एक नाही. आपली बिडी वळणारी, वाकळ शिवणारी बाई तर त्याहून वेगळी.

बरे, नुसती सरासरी काढूनही भागत नाही. अमेरिकेच्या विमानदलातील ४,०६३ जणांची मापे गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने तपासली आणि १९५२ साली अहवाल दिला. दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारा माणूस त्याने शोधला. चार हजारांत एकही सापडला नाही. कोणाचे हात लांब, कोणाची छाती रुंद, कोणाचे पाय आखूड. शिंप्याला यात नवल वाटणार नाही. तयार कपडा सगळ्यांना होतो आणि कोणालाच नीट बसत नाही, हे तो रोज पाहतो. सरासरी टेबलही तसेच आहे.

आपल्या देशात काम झाले नाही असे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीय माणसांच्या मापांचे पुस्तक काढले. डिझाइन शिकणारी मुले ते आजही चाळतात. पुढे निफ्ट या फॅशन शिक्षणसंस्थेने 'इंडियासाइज' नावाची मोहीम हाती घेतली. सहा शहरांतील २५,००० स्त्री-पुरुषांची मापे यंत्राने घेऊन तयार कपड्यांचे भारतीय आकार ठरवावेत, हा तिचा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण इथेही माप कपडा घालणाऱ्याचे आहे. तो शिवणारा कोणत्या स्टुलावर बसतो, हा प्रश्न बाकीच राहतो.

दुसरी अडचण बसण्याची. आपला जरीकाम करणारा कारागीर लाकडी चौकटीपुढे जमिनीवर मांडी घालून बसतो. ज्या मोजपट्ट्या खुर्ची आणि उभ्याचे काम डोळ्यांपुढे ठेवून बनल्या, त्या त्याला जशाच्या तशा लावल्या तर उत्तर चुकीचे येऊ शकते. संगणकाने 'ठीक' म्हटले म्हणून गुडघा ठीक होत नाही.

त्याला काय कळत नाही?

संगणकातला माणूस थकत नाही, त्याला घाम येत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली काय होते, मागाच्या खडखडाटात कान कसे बधिर होतात, कापसाची धूळ छातीत कशी बसते, हे त्याला ठाऊक नाही. नगावर मजुरी असली की माणूस पाणी प्यायलाही उठत नाही, हे तर त्याला अजिबातच कळत नाही. संगणकात बसण्याची पद्धत निर्दोष दिसेल, पण तीच पद्धत दहा तास न हलता धरली तर दुखणे ठरलेले. म्हणून त्याचे उत्तर हे पहिले मत समजावे. शेवटचे मत कारागिराचे.

लहान मालकाने काय करावे?

ही सॉफ्टवेअरे दहा-वीस मशीनवाल्यांच्या आवाक्यातली नाहीत आणि त्यांची गरजही नाही. पण त्यांची रीत फुकट आहे. मी जे करतो ते सांगतो.

१) माप घ्या. फीत आपल्या गळ्यात असतेच. प्रत्येक कारागिराची चार मापे वहीत लिहा : उभ्याने जमिनीपासून कोपरापर्यंत, बसल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत, जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वाकापर्यंत, आणि हात सरळ पुढे केल्यावर पाठीपासून मुठीपर्यंत. एका माणसाला पाच मिनिटे लागतात. बायकांची मापे बाईनेच घ्यावीत.

२) पुठ्ठ्याचा कारागीर करा. त्या मापांच्या दहाव्या हिश्शाने पुठ्ठा कापा आणि खांदा, कोपर, कंबर, गुडघा इथे टाचण्या लावा. एक बुटका आणि एक उंच, असे दोन करा. त्याच प्रमाणात टेबलाची बाजू कागदावर काढा आणि पुतळा त्यापुढे ठेवा. जॅक आणि रामसिस जे करतात त्याचा पहिला धडा हाच आहे. सुतार बोलावण्याआधी चूक पुठ्ठ्यावर दिसते.

३) कामाची उंची धरा, टेबलाची नव्हे. नाजूक नजरेचे काम कोपराच्या ५ ते १० सेंटिमीटर वर, हलके हातकाम कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली, आणि अंगाचा जोर लावायचे काम त्याहून खाली असावे. कापडाचे थर चार इंच चढले की काम चार इंच वर गेले, हे हिशेबात धरा. माझ्या मास्तरांचे कोपर जमिनीपासून सुमारे ११२ सेंटिमीटरवर होते. त्यातून १५ वजा केले आणि थराचे १० वजा केले तर टेबल ८७ सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३४ इंच हवे होते. माझे होते ३०. ते 'अर्धी वीत' म्हणाले होते. अर्धी वीत म्हणजे साडेचार इंच. शाळा न शिकलेल्या त्या माणसाने शास्त्राचे उत्तर बोटांनी सांगितले होते आणि मला ते ऐकू आले नाही.

४) टेबल उंच माणसाच्या हिशेबाने करा आणि बुटक्याला पायाखाली लाकडी पाट द्या. उंच माणसाला बुटके करता येत नाही.

५) गठ्ठे जमिनीवर ठेवू नका. मांडीएवढा ओटा किंवा जुनी फळी चालेल. जड माल कमरेच्या उंचीवर, हलका माल वरच्या आणि खालच्या कप्प्यात.

६) बाजूने दोन मिनिटांची चित्रफीत घ्या, कारागिराला विचारून. मोबाइलच्या चित्रफितीवरून सांध्यांचे कोन काढणारी सॉफ्टवेअरेही आता निघाली आहेत. मशीनच्या आड हात दिसत नसेल किंवा कपडा सैल असेल तर ती चुकू शकतात. म्हणून चित्रफीत आधी कारागिराला दाखवा. आपण किती वाकतो हे पाहून तो स्वतःच काय बदलायचे ते सांगतो.

धंद्याचा हिशेब

कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला, कारागीर पुष्कळ मिळतात. हात मिळतात, हे खरे. हुन्नर मिळत नाही. वीस वर्षे कापड ओळखणारा मास्तर घरी बसला की त्याच्याबरोबर वीस वर्षे घरी बसतात. वाया गेलेले कापड, उशिरा गेलेला माल आणि तुटलेले गिऱ्हाईक यांचा खर्च आपण खतावणीत वेगवेगळ्या पानांवर लिहितो. म्हणून तो सगळा एका टेबलाच्या उंचीतून आला आहे, हे आपल्याला दिसत नाही.

परदेशातल्या कंपन्या संगणकात माणूस उभा करतात, कारण त्यांचा कामगार त्यांना दूरचा आहे. आपला कारागीर तर आपल्यासमोर उभा आहे. त्याला विचारायला सॉफ्टवेअर लागत नाही. मी माझ्या मास्तरांकडे गेलो होतो. आता ते दोन तास येतात, खुर्चीवर बसून नव्या मुलांना कटिंग शिकवतात. टेबले ३४ इंचांची झाली आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी हात फिरवून पाहिले आणि एवढेच म्हणाले, "बरोबर आहे सेठ, उशीर झाला."

आपल्याकडे कोणी 'अर्धी वीत वर घ्या' म्हणत असेल, तर सीझन संपण्याची वाट पाहू नका. फीत काढा आणि आजच मोजा.